मी मेनू काढून टाकला

बडे बाबूंचा आणि माझा दावा मी नोकरीला लागलो त्या दिवसापासूनचा. परळीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली, ती त्यांच्या भाच्यासाठीच निघाली होती असं सगळे धरून चालले होते. भाच्यानं गावातल्याच क्लासमध्ये तीन महिन्यांचा कोर्स केला होता, माझा डिप्लोमा औरंगाबादचा होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आमच्याकडचे पुढारी. त्यांनी मुलाखतीतच बडे बाबूंना तोंडावर सांगितलं, "बाबू, आता जग बदललंय. भाचे-पुतणे बास करा." अध्यक्षांचे स्वतःचे तीन पुतणे त्याच संस्थेत पगार घेत होते, पण ते कोण बोलणार?

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. परळीत जिकडे बघावं तिकडे कम्प्युटर क्लासच्या पाट्या, एसटीडी बूथ, झेरॉक्स. कॉलेजात कम्प्युटर आहे हे दाखवायला अध्यक्षांनी कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासमधून एक जुना कम्प्युटर आणि एक खडखड वाजणारा प्रिंटर आणून ठेवला. ठेवायचा कुठे, तर ऑफिसात खिडकीपाशी, जिथे वीस वर्षं बडे बाबूंचा टाइपरायटर होता तिथे. टाइपरायटर मी आणि शिपाई मामांनी उचलून कपाटामागे नेला. बडे बाबू खुर्चीत बसून बघत होते. मी म्हणालो, "बाबू, जरा पाय घ्या." त्यांनी पाय घेतले नाहीत. आम्ही त्यांच्या पायांवरून टाइपरायटर नेला.

ते हेडक्लार्क होते, पण जुन्या रिवाजानं सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. बाजारात वडिलोपार्जित किराणा दुकान, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंग, शर्टाला इस्त्री अशी की घडी बोटाला लागावी. अक्षर मात्र खरोखर देखणं होतं. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मला त्या माणसाचं काहीच सहन होत नसे. ते चहा बशीत ओतून फुरकत, त्याचाही मला राग यायचा.

कम्प्युटर शिकवा म्हणून त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी जेवायला गेलो की ते त्यावर बसत आणि पत्त्यांचा खेळ खेळत. परत आलो की माझी खुर्ची त्यांच्या मापानं मागे सरकवलेली असायची. पुढे पुढे त्यांनी पडद्यावर हिरव्यागार डोंगराचं एक चित्र लावलं, माऊसच्या बाणाच्या जागी एक नाचणारी मांजर आणली. भाच्यानं फ्लॉपीतून आणून दिली असणार. त्याच फ्लॉपीतून व्हायरसही आला असणार असं मी धरून चाललो. मशीन जुनं, मेमरी थोडी. दर तासाला अडकायचं. अडकलं की बडे बाबू ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "औरंगाबादचा डिप्लोमा हाय म्हणं!"

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या थोडं आधी मला औरंगाबादच्या मित्राकडून लिनक्सच्या सीडी मिळाल्या. लिनक्स म्हणजे कम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. फुकट, आणि सगळे भाग सुटे. नेहमीची प्रणाली म्हणजे बांधून दिलेलं घर, आहे तसं राहायचं. इथं विटा, दारं, खिडक्या वेगवेगळ्या मिळतात आणि नको ती खिडकी बसवलीच नाही तरी चालतं. अशक्त मशीनवर कमीत कमी सामान ठेवलं की ते पळतं, असं मित्र म्हणाला होता. सुट्टीत ऑफिसची किल्ली माझ्याकडे होती. मी दुपारी जाऊन बसलो आणि जुनं सगळं पुसायला घेतलं.

पुसण्याआधी डिस्कमध्ये काय काय आहे ते बघितलं. 'कपिलधार' नावाचा एक कप्पा होता. उघडला. आत नावांची यादी, इंग्रजी अक्षरांत, अर्ध्या ठिकाणी चुकलेली. बडे बाबूंच्या समाजाची दिंडी दर कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला पायी जायची, आणि दिंडीची व्यवस्था त्यांच्याकडे असायची. नाव, गाव, आणि पुढे कुणाला दमा आहे, कुणाला साखरेचा त्रास, कोणती बाई फार चालू शकत नाही, तिला कुठून जीपमध्ये घ्यायचं. एका बोटानं टाइप केलेली दोनशेच्या वर नावं. महिना-दीड महिना जेवणाच्या सुट्टीत ते नुसते पत्ते खेळत नव्हते तर.

कॉलेजच्या फायली मी आधीच फ्लॉप्यांवर उतरवल्या होत्या, आणि टेबलाच्या खणात अजून कोऱ्या फ्लॉप्या होत्या. ती यादी फ्लॉपीवर उतरवायला एक मिनिट लागलं नसतं. मी ती उतरवली नाही. विसरलो असं मी पुढे अनेकांना सांगितलं. विसरलो नव्हतो. मी कप्पा बंद केला आणि पुसायचं बटण दाबलं.

सुट्टी संपली. दिंडी चार दिवसांवर आली होती. बडे बाबू सकाळी आल्या आल्या कम्प्युटरसमोर बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. डोंगर नव्हता, मांजर नव्हती.

"माझी यादी?" ते म्हणाले.

"जुनं सगळं काढलं बाबू. व्हायरस होता."

"समदं पुसलंस?"

"पुसावंच लागतं."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं, मी तयारीत होतो. ते उठले, कपाटातून आखीव कागद काढले आणि आठवून आठवून नावं लिहायला बसले. दिवसभर लिहीत होते. मधेच थांबायचे, छताकडे बघायचे, परत लिहायचे. संध्याकाळी जाताना फक्त एवढं म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी लढाई सुरू झाली. कम्प्युटरच्या लाईटचं बटण त्यांच्या खुर्चीमागे होतं. मी काही टाइप करत असलो की अचानक पडदा काळा व्हायचा आणि ते म्हणायचे, "लाईट गेली वाटतं." डोक्यावर पंखा गरगर फिरत असायचा. अचानक बंद पडलं की लिनक्स परत सुरू होताना अख्खी डिस्क तपासून घेतं. दहा-पंधरा मिनिटं पडद्यावर ओळीच्या ओळी सरकत राहतात. "तुझं भजन चालू झालं बघ," ते म्हणायचे आणि चहाला जायचे. परळीत तसंही भारनियमन होतंच. साऱ्या महाराष्ट्राला वीज देणारं गाव, आणि आमच्याकडे दुपारी दोन-तीन तास अंधार. त्यात हे. बाहेरगावाहून आलेली पोरं दाखल्यासाठी दारात उभी, आणि आम्ही दोघं मोठी माणसं एका बटणावरून एकमेकांना छळतोय.

मी प्राचार्यांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "अहो, ते जुने आहेत, तुम्ही समजून घ्या." मी समजून घेतलं नाही. मी उन्हाळ्याची वाट बघितली.

परीक्षा संपल्या, कॉलेज ओस पडलं. बडे बाबू मे महिन्यात रजेवर जायचे. त्या महिन्यात मी दुपारच्या दुपारी त्या मशीनवर काम केलं. तसं सुख मला नंतर कुठल्याही नोकरीत मिळालं नाही, म्हणून ते नीट सांगतो. दारं-खिडक्या लावलेल्या, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, टेबलावर वीज केंद्राच्या राखेचा बारीक थर, तो ओल्या फडक्यानं पुसायचा आणि सुरू करायचं. पडद्यावर खिडक्या मांडणारा जो प्रोग्राम असतो, त्याचा मी सगळ्यात छोटा प्रकार निवडला. त्याला काय हवं, काय नको, हे एका साध्या फायलीत ओळीओळीनं लिहायचं असतं. एक ओळ बदलायची, प्रोग्राम परत सुरू करायचा, फरक बघायचा. तळाची पट्टी काढली. घड्याळ काढलं. खिडक्यांच्या डोक्यावरची नावं काढली, मग कडा काढल्या. प्रत्येक गोष्ट काढली की मशीन हलकं व्हायचं, ते हाताला कळायचं. पूर्वी दोन मिनिटं घेणारी यादी आता तीन सेकंदांत उघडायला लागली.

सगळी कामं मी कळांवर बसवली. एक कळ धरून ठेवायची आणि दुसरी दाबायची. एका जोडीनं टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. दुसऱ्या जोडीनं बोनाफाईड. तिसरीनं हजेरीपत्रक. हजेरी नंबर टाकला की प्रिंटर खडखड करत छापील नमुन्यावर बरोबर जागी नाव, जन्मतारीख, जात, वर्ग छापायचा. हे मी स्वतः लिहिलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

इथवर सगळं चांगलंच होतं. पण माऊसनं पडद्यावर कुठेही दाबलं की कामांची एक यादी उघडायची. मेनू. ज्याला कळा ठाऊक नाहीत त्याच्यासाठी तेवढा एकच रस्ता होता. त्याला मेमरी लागत नव्हती, वेळ लागत नव्हता. तो काढायचं काही कारण नव्हतं. मी तो काढला. मशीन सुरू होतानाच पासवर्ड मागेल असं केलं. मग माऊसची वायर काढली आणि माऊस खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. पडदा नुसता काळा. त्याच्यावर एक अक्षर नाही, एक चित्र नाही. मला तो फार सुंदर वाटला. मी खुर्चीत मागे रेलून त्याच्याकडे बघत बसलो आणि मनात म्हणालो, आता बसा.

जून लागला. बडे बाबू आले. मी जेवायला गेलो आणि मुद्दाम लवकर परतलो. ते समोर बसून एकेक कळ दाबून बघत होते. पडदा काळाच.

"मसणवटा केलास बे," ते म्हणाले.

"फास्ट चालतं आता."

"कुणासाठी?"

मला तेव्हा ते उत्तर देण्यासारखं वाटलंच नाही.

प्राचार्यांनी एकदा विचारलं होतं, हे दुसऱ्या कुणाला येतं का? मी म्हणालो, शिकवतो सर. कुणाला शिकवणार होतो? आदल्या जूनपासून विद्यार्थ्यांचं रजिस्टरही मी कम्प्युटरवरच ठेवायला लावलं होतं. दोन-दोन रजिस्टरं कशाला, म्हणून. त्या ऑफिसातली प्रत्येक गोष्ट माझ्या दहा बोटांतून जाऊ लागली, आणि मला ते हवंच होतं.

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला नसेल, मला ताप आला. मग डोळे पिवळे झाले. कावीळ. घरच्यांनी आधी वैद्याचा काढा पाजला, मग माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरेना तेव्हा अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं. वॉर्डात मला सलाईन लावून टाकलं. ऑफिसचा विचारही डोक्यात नव्हता. होता तो एवढाच, की आता बसले असतील काळ्या पडद्यासमोर. आजारातही मला त्याचं बरं वाटत होतं.

दवाखान्यात सहावा की सातवा दिवस असेल. दुपारी एक मुलगी आणि तिची आई खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी सतरा-अठरा वर्षांची, काटक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. आईच्या एकाच पायात चप्पल होती, दुसऱ्या पायाला पट्टी बांधलेली.

"तुमीच का कॉलेजातले कम्प्युटरचे सर?" मुलीनं विचारलं.

"हो."

"माझी टीसी अडकलीय. धर्मापुरीची हाय मी. बारावीला होते तुमच्याकडं. डी.एड.ला नंबर लागलाय. परवा बीडला कागदं तपासायला बोलावलंय, टीसी लागती."

"मग बडे बाबूंना सांग, हातानं लिहून देतील."

"चार दिस झाले जातीय मी. ते म्हणले, टीसी कम्प्युटरात हाय अन् कम्प्युटरची किल्ली दवाखान्यात हाय. रजिस्टर कम्प्युटरातच हाय म्हणले. मग मी दवाखाना हुडकत आले."

आई मधेच म्हणाली, "बाबा, लई ठिकाणी हिंडलो. आदी परळीचे दवाखाने बघितले."

मला लाज वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा जे वाटलं ते मी सांगतो. मला जिंकल्यासारखं वाटलं. माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. मग मी मुलीच्या तोंडाकडे बघितलं, आणि ते वाटणं जागच्या जागी मेलं.

तिनं कागद पुढे केला. मी सलाईन नसलेल्या हातानं सगळं लिहून दिलं. मशीन सुरू करा, हे नाव टाका, हा पासवर्ड, पडदा काळा होईल, घाबरू नका. ही कळ धरा, ही दाबा, हजेरी नंबर टाका. तिनं कागद वाचला आणि मला परत वाचून दाखवला.

"प्रिंटर आदी चालू करायचा का नंतर?"

"आधी."

"ते न्हाई लिव्हलं तुमी." तिनं माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतःच लिहिलं. "अन् चुकीचा नंबर पडला तर?"

"तर परत तीच कळ."

तिनं तेही लिहिलं. आभार वगैरे काही मानले नाहीत. आईला म्हणाली, "चल, दीडची गाडी हाय."

पुढे ऑफिसात काय झालं ते मला शिपाई मामांनी नंतर सांगितलं. ते तिथे हजर होते. अडीच-पावणेतीनला मायलेकी पोचल्या. प्राचार्य त्या आठवड्यात विद्यापीठात गेले होते. मुलीनं बडे बाबूंच्या हातात कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

"बाहेरच्या माणसानं कॉलेजच्या मशीनला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

"मग तुमी लावा."

"मला येत न्हाई."

"मी सांगते, तुमी दाबा."

"उद्या काही बिघडलं तर तो मलाच बोलंल. तो आल्यावर ये."

"मला परवा बीडला जायचंय, बाबूजी."

"मग त्याला सांग की. कावून कुलपं लावून गेलता?"

मामा म्हणाले, पोरगी पाच वाजेपर्यंत बाकावर बसली होती. बडे बाबूंनी तिच्या आईला पाणी द्यायला सांगितलं, एकदा चहासुद्धा मागवला, पण जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तर लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी ती टीसीशिवायच बीडला गेली. तिथे तिला सांगितलं, मूळ टीसी नाही तर प्रवेश नाही. तिचा नंबर खालच्या कुणाला तरी गेला.

मी तीन आठवड्यांनी कामावर आलो. अंगात ताकद नव्हती, दोन जिने चढून धाप लागली. बडे बाबूंनी वर बघितलं नाही. मी मशीन सुरू केलं आणि साचलेले दाखले काढायला घेतले. दोनेक दिवसांनी ती मुलगी एकटीच आली. आता टीसी घेऊन काय करणार, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी कळ धरली, दुसरी दाबली, नंबर टाकला. प्रिंटर खडखडला.

तिनं कागदाकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी मी धर्मापुरीहून सात खेपा केल्या."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण मला तिच्या समोर निर्दोष व्हायचं होतं. मी बडे बाबूंकडे हात करून म्हणालो, "मी कागदावर सगळं लिहून दिलं होतं. ह्यांनी एक कळ दाबली असती तर झालं असतं. हातानं लिहिली असती तरी झालं असतं."

"रजिस्टर कुठंय हातानं लिवायला?" बडे बाबू कडाडले. "तूच बंद केलं ना?"

दारात मामा उभे होते. ते खाली बघत म्हणाले, "रजिस्टर हाय की बाबू. कपाटात."

मुलीनं आधी मामांकडे बघितलं, मग बडे बाबूंकडे.

"दाखवा," ती म्हणाली.

ते उठतील असं मला वाटलं नव्हतं. ते उठले. कपाट उघडून खालच्या फळीवरून जाड बांधणीचं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. आम्ही बंद केलं होतं त्या पानापासून पुढे सगळ्या नोंदी होत्या. त्यांच्या त्या देखण्या अक्षरात, लाल आणि निळ्या शाईत. वर्षभर रोज संध्याकाळी मी गेल्यावर ते प्रवेशअर्ज काढून उतरवून ठेवत होते. मशीन बंद पडेल तेव्हा मला काढून दाखवायला. मुलीनं पानं उलटली, आपलं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. जन्मतारीख, आईचं नाव, सगळं बरोबर.

"हे हितं हुतं," ती म्हणाली.

बडे बाबूंचा चेहरा उतरला होता. पण ते माझ्याकडे वळले. "दोनशे चौदा नावं पुसलीस माझी! चार दिवस राहिलेते दिंडीला. एका म्हातारीचं नाव माझ्याकडून राहून गेलं, ती दम्याची होती, तिला जीपमधी घ्यायचं राहिलं. वाटंत पडली ती. तवा कुठं गेलती तुझी अक्कल?"

"मग मला सांगायचं होतं!"

"तुला? तू बगितली न्हाईस यादी? खरं सांग, बगितली न्हाईस?"

मी म्हणालो, "नाही बघितली."

खोटं बोललो. ते त्यांना कळलं, मामांनाही कळलं असावं.

मुलगी आमच्या दोघांच्या मधे उभी होती. ती रडली नाही. टीसीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "मला तुमच्या यादीतलं काय ठाऊक न्हाई, अन् तुमच्या कम्प्युटरातलंबी न्हाई. माझ्या मायच्या पायात काच गेलती, तसल्या पायानं ती माझ्यासंगं हिंडली. तुमी दोघं पगारी माणसं हाव. तुमचं हे असलं भांडण घरी जाऊन करा."

मग ती गेली. बडे बाबूंनी रजिस्टर कपाटात ठेवलं. मी टेबलाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी मी खणातून माऊस काढला आणि वायर जोडली. मेनू परत घातला, पाच ओळींचा, मोठ्या अक्षरांत. दाखल्यांसाठीचा पासवर्ड काढला. मराठी अक्षरं त्या मशीनवर मला नीट आणता येईनात, म्हणून इंग्रजी अक्षरांतच 'दाखला', 'बोनाफाईड', 'यादी' असं लिहिलं. सगळ्या पायऱ्या कागदावर मराठीत लिहून कागद भिंतीला चिकटवला, प्रिंटर आधी, ही ओळ सगळ्यात वर. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून झापलं, पण ते नंतर. मेनू मी त्यांच्या सांगण्यावरून घातला नव्हता, एवढं तरी माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

मामांना पंधरा दिवसांत बोनाफाईड काढता येऊ लागलं. ते चौथी शिकलेले. अक्षरांचे आकार त्यांनी ध्यानात ठेवले. ग्रंथालयातल्या बाई शिकल्या. बडे बाबूंनी शेवटपर्यंत त्या मशीनला हात लावला नाही. कपाटामागून टाइपरायटर काढून त्यांनी स्वतःच पुसला आणि त्यांचे कागद त्यावरच टाइप करत राहिले. लाईटचं बटण मात्र परत कधी दाबलं नाही.

श्रावणात मी धर्मापुरीला गेलो. जुन्या देवळाच्या बाजूच्या गल्लीत तिचं घर, पुढे शिवणाचं छोटं दुकान. वडील मशीनवर ब्लाऊज शिवत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पाय थांबवला, आत बघितलं आणि परत मशीन चालवायला घेतलं. बसा म्हणाले नाहीत. आईनं पाणी आणलं. ती अजून लंगडत होती.

मुलगी बाहेर आली. मी पाठ करून आलो होतो ते बोललो. चूक झाली, तुझं वर्ष गेलं, पुढच्या वर्षीच्या फॉर्मसाठी जे लागेल ते मी स्वतः करून देईन, तू यायचीसुद्धा गरज नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुमी कावून आलाव?"

"माफी मागायला."

"ते कळलं. पण कावून? मला टीसी मिळाली. तुमच्याकडं माझं आता कायबी राहिलं न्हाई." तिनं एकदा वडिलांकडे बघितलं. "तुमाला बरं वाटावं म्हणून आलाव तुमी. मला न्हाई वाटत बरं. तुमालाबी कावून वाटावं?"

वडिलांच्या मशीनचा आवाज चालूच होता. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि निघालो. तिनं पुढच्या वर्षी परत फॉर्म भरला का, तिचा नंबर लागला का, ते मला कळलं नाही. आमच्या कॉलेजात ती परत आली नाही, एवढं खरं.

बडे बाबूंबरोबर मी त्यानंतर आणखी चार वर्षं एका खोलीत काम केलं. दिवसाला लागतील तेवढेच शब्द आम्ही बोललो. "सही करा," "शिक्का कुठंय," असे. ती यादी मी बघितली होती, हे त्यांना सांगायचे खूप प्रसंग आले. एकदा तर भारनियमनात खिडकीपाशी आम्ही दोघंच होतो, मामा बाहेर, तासभर. त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, मी नखं कापली. दिंडीतली ती म्हातारी पुढे बरी झाली की नाही, हेही मी कधी विचारलं नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी हार घातले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मान खाली केली नाही. मी हार त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.